रहस्यकथा वाचाव्यात का?

'अभ्यास सोडून रहस्यकथा काय वाचतोस?' असे बोलणे अनेक मुलांना घरी ऐकावे लागते. अशा कथांनी मुले बिघडतात, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. मला हे मत पटत नाही.

आधुनिक रहस्यकथेचा आरंभ अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये केला, असे मानतात. १८८७ मध्ये ब्रिटिश लेखक आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स वाचकांसमोर आला. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी शेकडो रहस्यकथा लिहिल्या. उर्दूत इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादहून निघू लागली. त्यांचे फरीदी आणि हमीद तुमच्या आजोबांनाही ठाऊक असतील.

या कथांत गुन्हा घडतो आणि अनेकांवर संशय येतो. पण चांगला गुप्तहेर घाई करीत नाही. तो ठसे पाहतो, वेळेचा हिशेब मांडतो, प्रश्न विचारतो. ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, तो पुष्कळदा निर्दोष ठरतो. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे या कथा आपल्याला शिकवतात.

हा धडा प्रत्यक्षातही उपयोगी पडला आहे. जॉर्ज एडलजी हा इंग्लंडमधील तरुण वकील. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी. रात्री शेतात जाऊन एका तट्टाला जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक तसाच राहिला. तेव्हा डॉयल यांनी त्याची भेट घेतली. जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत होता. डॉयल स्वतः डॉक्टर होते. एवढ्या अधू नजरेचा माणूस अंधारात शेते ओलांडून असे काम कसे करील, असा प्रश्न त्यांनी वर्तमानपत्रांतून विचारला. १९०७ मध्ये सरकारने जॉर्जला माफी दिली. मात्र तुरुंगात गेलेल्या वर्षांची भरपाई मिळाली नाही.

सगळ्याच रहस्यकथा चांगल्या असतात, असे नाही. काहींत नुसता रक्तपात असतो. त्या बाजूला ठेवाव्यात. पण ज्या कथा विचार करायला लावतात, त्या जरूर वाचाव्यात. वर्गात कोणाचे पेन हरवले, की आपण लगेच एखाद्याचे नाव घेतो. त्या वेळी आधी स्वतःला विचारा : पुरावा कोठे आहे?