बोट लागली!

धायरीपासून समुद्र किती दूर आहे, हें आम्हीं कधीं मोजून पाहिलेलें नाहीं. गच्चीवर उभें राहिलें असतां एका अंगास सिंहगड दिसतो, दुसऱ्या अंगास इमारतींमागून इमारती दिसतात; आणि पाण्याच्या नांवानें म्हणाल, तर उन्हाळ्यांत येणारे टँकर आणि थोड्या अंतरावरचें खडकवासल्याचें धरण. 2017 सालीं पुण्याच्या महापालिकेंत पुरतें सामील झालेल्या या गांवाचा दर्याशीं संबंध तो काय असणार? परंतु गेल्या कोजागिरीस आमच्या गच्चीवर समुद्रावरून जें भांडण जुंपलें, तें ऐकून एखाद्या तिऱ्हाइतास वाटलें असतें कीं या इमारतींत सारे दर्यावर्दीच राहतात.

निमित्त झालें तें शेजारच्या चिरंजीवांचें. आमच्या शेजारीं तीन बिऱ्हाडांचें एकत्र कुटुंब आहे. सदाशिव पेठेंतला वाडा उतरविला, तेव्हां सर्वांनीं मिळून येथें एकाच मजल्यावर लागून लागून जागा घेतल्या व मधल्या भिंतींत दारें पाडलीं. बिऱ्हाडें तीन, चूल एक. या घरचे धाकटे चिरंजीव व सूनबाई मुंबईहून लक्षद्वीपची समुद्रसफर करून नुकतींच परतलीं होतीं, आणि आटीव दूध उकळेपर्यंत त्यांनीं त्या जहाजाचें वर्णन सुरू केलें. जहाजास म्हणे अकरा मजले. उद्वाहन आहे, नाटकगृह आहे, दुकानें आहेत, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे.

“समुद्रांत जहाज, आणि जहाजांत तळें?” अण्णांनीं विचारिलें. अण्णा म्हणजे चिरंजीवांचे तीर्थरूप, वय पंचाहत्तर. “मग समुद्रानें काय घोडें मारलें होतें?”

“समुद्र खिडकींतून दिसत होता ना,” सूनबाई म्हणाल्या.

“किती वेळ पाहिलात?”

यावर नवराबायकोंनीं एकमेकांकडे पाहिलें. सकाळीं न्याहारी, मग दुपारचें जेवण, मग चहा, मग रात्रींचें जेवण आणि मध्यरात्रीं पुन्हां फराळ, या कार्यक्रमांत समुद्रास फारसा अवसर मिळाला नसावा असें आमचें अनुमान आहे. पण एवढ्यानें अण्णांस स्फुरण चढलें. त्यांनीं दुधाचा पेला बाजूस सारला आणि आपल्या बोटीचा भोंगा वाजविला.

वाचकांपैकीं ज्यांचीं मुळें कोंकणांत आहेत, त्यांच्या घरीं अशी एक तरी व्यक्ति असेलच, जिला ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ति’ हीं नांवें उच्चारतांच वारें भरतें. चौगुले कंपनीच्या या दोन बोटी. त्यांच्याही पूर्वीं ज्या कंपनीच्या बोटी चालत, तिला लोक शेफर्ड कंपनी म्हणत; आणि तिच्याशीं टक्कर घेण्यास ज्या स्वदेशी कंपन्या निघाल्या, त्यांनीं आपल्या बोटींस साधुसंतांचीं नांवें दिलीं. भाऊच्या धक्क्यावरून निघावें, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें असें करीत पार पणजीपर्यंत जावें. पावसाळ्यांत हा मार्ग बंद. पुढें रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, 1998 सालीं रेल्वे पुरी झाली, आणि बोटीची आठवण सांगणारे तेवढे राहिले.

“तुमच्यासारखी खोली बिली नव्हती,” अण्णा म्हणाले. “डेकावर जागा धरायची. घंटा होण्यापूर्वीं पोरांनीं पुढें धांवावें, सतरंजी टाकावी, तीन कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या ठेवावा, चौथ्या कोपऱ्यावर आजीस बसवावें. आजी बसली कीं त्या जागेस मग कोणाची हरकत नाहीं.”

“आणि बोट बंदराला लागत नसे बरें का,” अण्णांच्या सौभाग्यवतींनीं पुस्ती जोडली. “भर समुद्रांत उभी राही. किनाऱ्याहून पडाव यायचे. रात्रीं दोन वाजतां, कंदिलाच्या उजेडांत शिडीवर उभें राहायचें. लाट आली कीं पडाव पायाशीं येई, लाट उतरली कीं तोच पडाव पुरुषभर खालीं जाई. खलाशी ‘आतां!’ म्हणून ओरडला कीं डोळे मिटून उडी. माझ्या कडेवरचें मूल त्यानें आधींच खालीं फेंकलेलें असे.”

“फेंकलेलें?” सूनबाई.

“झेलायला दुसरा असे ना! हे तुमचे यजमान असेच दोनदां झेलले गेले आहेत.”

चिरंजीवांस ही वार्ता नवीन असावी. ते कांहीं वेळ गप्प बसले.

आतां खरा सामना सुरू झाला, आणि तो कोणास बोट लागली या प्रश्नावर. ‘बोट लागणें’ हा आपल्या भाषेंतला मोठा सोज्ज्वळ शब्द आहे. पोटांतलें सर्व बाहेर पडत असतां माणसानें वापरावा, आणि घाटांतल्या एस.टी. मध्येंही तोच चालावा, इतका तो अंगवळणीं पडलेला. अण्णांनीं छातीवर हात ठेवून सांगितलें कीं उभ्या जन्मांत आपणांस बोट लागलेली नाहीं. चिरंजीव म्हणाले, आम्हांलाही नाहीं. त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे अभियंते हंसले. यांनीं व्यापारी जहाजांच्या यंत्रशाळेंत उमेदीचीं बत्तीस वर्षें काढलेलीं आहेत. एरवीं ते फार बोलत नाहींत.

“तुम्हांला लागली नाहीं यांत तुमचें कर्तृत्व नाहीं,” ते म्हणाले. “तसल्या जहाजांना पाण्याखालीं दोहों बाजूंस माशासारखे पर असतात. जहाज एका अंगास कलूं लागलें कीं यंत्र ते पर फिरवतें आणि डोलणें कमी होतें. अण्णांच्या बोटीला त्यांच्या आईच्या पिशवींतल्या आमसुलांखेरीज दुसरें यंत्र नव्हतें.”

समोरच्या इमारतींतले संस्कृताचे निवृत्त अध्यापक इतका वेळ दूध पीत होते. त्यांनीं मिशा पुसल्या आणि शास्त्रार्थ काढला. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रप्रवास हा पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणलेला आहे, व त्यास तीन वर्षांचें प्रायश्चित्त सांगितलें आहे. दर चौथ्या भोजनसमयीं थोडेंसें खावें, तीन वेळां स्नान करावें, दिवस उभ्यानें काढावा आणि रात्र बसून काढावी. “आतां अण्णांच्या डेकावरचा प्रवास पाहा,” अध्यापक म्हणाले. “जागा न मिळालेल्यानें दिवसभर उभें राहायचें, रात्रीं ट्रंकेवर बसून काढायची, खाल्लेलें ठरत नाहीं म्हणून चौथ्या वेळीं दोन लाह्या चघळायच्या, आणि लाटांनीं स्नान तर तीनदांहून अधिक. पातक आणि प्रायश्चित्त एकाच तिकिटांत! चिरंजीवांचें मात्र कठीण आहे. त्यांनीं दिवसांतून पांच वेळां खाल्लें.”

हंशा ओसरला तसे अण्णा पुन्हां उसळले. त्यांस आपल्या बाजूचा एक साक्षीदार हवा होता, म्हणून त्यांनीं थोरल्या वहिनींकडे मोर्चा वळविला. या कुटुंबांत त्यांस सर्व माई म्हणतात. वय सत्त्याऐंशीच्या घरांत. थोरले बंधु जाऊन बरीच वर्षें झालीं. घराच्या किल्ल्या अद्यापि माईंच्याच कमरेला आहेत. त्या आपल्या खुर्चींत शाल पांघरून चंद्राकडे पाहत बसल्या होत्या.

“वहिनी, तुम्ही सांगा यांना. माहेरीं जातांयेतांना पाठराखा मीच असे कीं नाहीं? मला कधीं बोट लागली?” आणि उत्तराची वाट न पाहतां सवयीप्रमाणें थट्टा सुरू केली. “वहिनींचें एक सिंहासन ठरलेलें. सारें जग छपराखालीं वाऱ्याची जागा धरीत असे, आणि या मात्र धुराड्याच्या उष्ण्यांत, एका लांकडी पेटीवर सतरंजी घालून बसत. मी लहान, पाय पोळत. मी म्हणें, वहिनी, तिकडे चला. तर या हलत नसत! साठ वर्षें झालीं, मी विचारतोंच आहें कीं त्या पेटींत काय माहेरचे दागिने होते?”

ही थट्टा घरांत जुनीच आहे. तिच्यावर हंसण्याचीही सवय सर्वांस आहे. माई या वेळीं म्हणाल्या, “जाकिटें होतीं, भाऊजी.”

“कसलीं जाकिटें?”

“बुडूं नये म्हणून घालतात तीं.”

‘रामदास’ बोटीची हकीकत जुन्या वाचकांस ठाऊक असेलच. 1936 सालीं बांधलेली ही बोट 17 जुलै 1947 रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यास निघाली, आणि काश्याच्या खडकाजवळ लाटेनें कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कोळ्यांनीं आपल्या होड्यांत घेऊन कांहींचे प्राण वांचविले. यापूर्वीं 1927 च्या नोव्हेंबरांत ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं गेल्या होत्या, तरीही रामदासचा घाव किनाऱ्यावरील घरें विसरूं शकलीं नाहींत. माईंचे वडील त्या बोटीवर होते. ही गोष्ट या घरांत सर्वांस माहीत होती. माहीत असून न बोलण्याच्या गोष्टींत जमा होती.

“मी आठ वर्षांची होतें,” माई म्हणाल्या. “वडील शेताच्या कामास अलिबागेकडे निघाले होते. दोन तासांचा प्रवास तो काय! बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. दुपार टळेपर्यंत मुंबईस पत्ता नाहीं. आम्ही गिरगांवांत जेवलों, भांडीं घांसून पालथीं घातलीं, आणि मग कोणी तरी जिन्यावर धांवत आलें. पुढें आई पुष्कळ वर्षें जगली. तिला एकच प्रश्न पडे. जाकिटें कोठें ठेवतात, हें ह्यांनीं चढतांना विचारलें असेल का? दुसरें कांहीं नाहीं, एवढेंच. तें सांगायला कोण येणार होतें? मग मला राजापूरकडे दिलें. लग्नाची वरात त्याच धक्क्यावरून निघाली. तेव्हां सोईची दुसरी वाट कोठें होती? चढल्याबरोबर मी आधीं ती पेटी शोधली, आणि तिच्यावर बसलें. मग दर खेपेस बसूं लागलें.”

अण्णा बोलले नाहींत. त्यांनीं दुधाचा पेला उचलला व तसाच खालीं ठेवला. इतकीं वर्षें ज्या विनोदावर आपण टाळ्या घेतल्या, त्याचें काय करावें हें त्यांस उमगेना. आणि खरें सांगावयाचें तर त्या टाळ्यांत आमच्याही होत्या.

गच्चीवरील ती शांतता माईंनींच मोडली. “आणि बोट तुम्हांला लागली होती, भाऊजी. देवगडच्या अलीकडे. माझ्या नव्या इरकलीवर. त्याच पेटीवर निजवलें होतें मीं तुम्हांला.”

एवढा हंशा आम्हीं त्या गच्चीवर दुसऱ्यांदा ऐकलेला नाहीं. त्यांत सर्वांत मोठा आवाज अण्णांचा होता, व ते उपरण्यानें डोळे पुसत होते.

मग माईंनीं चिरंजीवांकडे पाहिलें. “तुमच्या त्या अकरा मजल्यांत जाकिटें कोठें असतात रे?”

चिरंजीवांनीं सूनबाईंकडे पाहिलें. भोजनगृह कोणत्या मजल्यावर, तळें कोणत्या मजल्यावर, हें त्यांस तोंडपाठ होतें. जहाज सुटण्यापूर्वीं कसलीशी कवाईत झाली होती खरी. भोंगा वाजला, सर्वांस एका ठिकाणीं बोलावलें. पण त्या वेळीं हीं उभयतां वरच्या मजल्यावर छायाचित्रें काढीत होतीं, आणि मग गर्दींत कशीबशी हजेरी लावून आलीं.

अभियंत्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. ते म्हणाले कीं 1912 सालीं ‘टायटॅनिक’ बुडाली, त्यानंतर 1914 सालीं सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि 2012 सालीं इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हां त्याच सायंकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. म्हणून 2015 पासून जहाज सुटण्यापूर्वीं अथवा सुटतांक्षणीं ती घ्यावी असा नियम आहे. “एकेका ओळीमागें माणसें बुडालेलीं आहेत, तेव्हां ती ओळ लिहिली गेली. आणि तुम्ही छायाचित्रें काढतां!” चिरंजीवांनीं मान खालीं घातली. त्यांचें वय चाळीस आहे, तरी त्या क्षणीं ते खलाशानें झेललेल्या मुलासारखेच दिसले.

“पुन्हां कधीं सुटतें तें जहाज?” माईंनीं विचारिलें.

सर्वांनीं एकदम बोलण्यास प्रारंभ केला. वय, गुडघे, रक्तदाब, वैद्यांची अनुमति, जिने. सूनबाई म्हणाल्या, उद्वाहन आहे. अण्णांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, उद्वाहन असलें म्हणून काय झालें? 2018 सालीं मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ निघाली तेव्हांही माईंनीं असाच हट्ट धरला होता, तेव्हां आपण टाळलें, आणि पुढें ती बोटच बंद पडली, हें अण्णांनीं प्रथमच कबूल केलें.

“मला तळें नको, नाटक नको,” माई म्हणाल्या. “डेकावर खुर्ची द्या. कवाईतीला मला पहिल्या रांगेंत उभी करा, आणि पेटी कोठें आहे ती दाखवा. मग मी काश्याचा खडक कोणत्या अंगास राहतो तेवढें पाहीन.”

दूध संपलें, चंद्र सिंहगडाकडे कलला, तरी मंडळी उठेनात. चार तिकिटें काढावयाचीं कीं पांच, यावर वाद चालला होता. कारण अण्णा म्हणत होते कीं वहिनींचा पाठराखा मीच, आणि माई म्हणत होत्या कीं यायचें तर खुशाल या, पण इरकल मी घरीं ठेवून येणार आहें. सूनबाई आमसुलांचा डबा जहाजावर नेऊं देतात कीं नाहीं, तें अभियंत्यांस विचारीत होत्या.