शिबिरे झाली, पडद्याचे काय?

जयंती आली की वस्तीवस्तीत नेत्रतपासणी शिबिरे भरतात. चष्मे वाटले जातात, मोतीबिंदूचे रुग्ण वेगळे काढले जातात, हारतुरे होतात. या कामाला आम्ही कमी लेखत नाही. पण नजर गेली म्हणजे मोतीबिंदूच, ही समजूत आता चळवळीनेच मोडली पाहिजे.

एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागते. दुखत नाही, म्हणून माणूस म्हणतो, मोतीबिंदू असेल, पिकू द्या. प्रत्यक्षात पडद्यातली, रक्त परत नेणारी शीर तुंबलेली असू शकते. उच्च रक्तदाबाने कडक झालेली धमनी जिथे शिरेला ओलांडते, तिथे शीर दाबली जाते, गुठळी होते, मागे रक्त आणि पाणी साचते. प्राणवायूविना उपाशी पडलेल्या पडद्यावर मग नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, त्यांतून रक्तस्राव होतो, व्रणासारखे पट्टे तयार होतात आणि ते आकसताना पडदाच ओढून सोडवतात. लोक म्हणतात, पडदा सरकला. प्रत्येकाचे असे होत नाही. झाले तर मोठी शस्त्रक्रिया, आणि तरी नजर पुरती परत येईलच असे नाही.

तिथवर जाण्याआधी इंजेक्शन आहे, लेसर आहे. पण एका इंजेक्शनात भागत नाही, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला जावे लागते. कंत्राटी सफाई कामगाराने दर खेपेला रोजंदारी बुडवून शहर गाठायचे? दोन खेपांनंतर तो येत नाही आणि कागदावर लिहिले जाते, 'रुग्णाने उपचार सोडले'. कोणी कोणाला सोडले, हा आमचा सवाल आहे.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा भर मुख्यतः मोतीबिंदूवर राहिला. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत घातले आहे. तेव्हा जिल्हा रुग्णालयात पडद्याचा डॉक्टर, लेसर आणि मोफत इंजेक्शन ही आमची हक्काची मागणी आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत नजर खालावली होती. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, स्वतःची साखर मात्र तपासत नाही!

कार्यकर्त्यांनी येत्या १४ एप्रिलच्या शिबिरात रक्तदाब आणि साखर मोजावी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहणारा डॉक्टर आणावा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून घरी सोडायला माणूस ठेवावा. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक, कडेने पडदा उतरल्यासारखे दिसणे, असे कोणी सांगितले तर त्याला पुढच्या शिबिराची तारीख देऊ नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.