मावशीचं घर, भाचीचा कागद

‘रोपा व्हिएहा’ म्हणजे चक्क जुने कपडे! गोमांस शिजवून त्याचे चिंध्यांसारखे धागे काढायचे, टोमॅटो-सिमला मिरचीत परतायचे. सोबत भात आणि काळ्या घेवड्याची उसळ. गंमत बघा, हा क्युबन पदार्थ मायामीच्या ‘लिटल हवाना’त सहज मिळतो, पण १९६२ साली रेशनकार्ड आलेल्या खुद्द क्युबात बीफ साध्या घरात दुर्मीळच. १९५९च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या बायकांनी ही चव जपली. १९८०मध्ये मारिएल बंदरातून आणखी सव्वा लाख माणसं आली, तीही सामावली.

२०२३पासून तात्पुरत्या परवानगीवर आलेल्यांची मात्र ती परवानगीच ट्रम्प सरकारने २०२५मध्ये काढून घेतली. आणि मायामीच्या बहुतेक क्युबन मतदारांनी २०२४मध्ये मत दिलं होतं ते ट्रम्पनाच! मावशीकडे भाचीला भात-उसळ मिळेल हो, पण राहण्याचा कागद?