तात्पर्य नसलेली गोष्ट

मुलांनो, गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ लिहायचं, ही सवय आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. आज मात्र तुम्हाला अशा एका लेखकाला भेटवते, की त्याच्या गोष्टीचं तात्पर्य लिहायला बसलात तर नुसती पेन्सिल चावत बसाल.

त्याचं नाव साकी. (नाटकवेडे आजोबा म्हणतील, ‘साकी’ हा तर संगीत नाटकातल्या पद्याचा प्रकार! ती साकी वेगळी, हा वेगळा.) खरं नाव हेक्टर ह्यू मन्रो. हा ब्रिटिश लेखक जन्मला मात्र ब्रह्मदेशात, १८७० साली. दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याची आई वारली, आणि वडिलांनी मुलांना इंग्लंडात आजीकडे ठेवलं. घरात दोन आत्या होत्या, भारी कडक. हे करू नको, तिकडे जाऊ नको! त्या आत्यांचा सूड त्यानं पुढे गोष्टींमधून असा काही उगवला, की विचारू नका.

त्याची ‘द स्टोरीटेलर’ ही गोष्ट ऐका. उकाड्याची दुपार, आगगाडीचा डबा. डब्यात एक मावशी, तिच्याबरोबर तीन चुळबुळी मुलं, आणि कोपऱ्यात एक अनोळखी गृहस्थ. मुलांना गप्प करायला मावशी गोष्ट सांगते. एक गुणी मुलगी होती, बैल अंगावर आला, पण ती गुणी म्हणून सगळे वाचवायला धावले. लगेच प्रश्न येतो, ती गुणी नसती तर वाचवलं नसतं का? मावशीची बोलतीच बंद!

मग ते गृहस्थ गोष्ट सांगू लागतात. बर्था नावाची मुलगी असते, ती ‘भयंकर’ गुणी असते. हा शब्द ऐकल्याबरोबर मुलं कान टवकारतात. चांगुलपणाबद्दल तिला तीन पदकं मिळालेली असतात. ती फ्रॉकवर लावून मिरवते आणि चालताना ती किणकिणतात. बक्षीस म्हणून तिला राजपुत्राच्या बागेत फिरायची परवानगी मिळते. बागेत फुलं नाहीत, डुकरं मात्र पुष्कळ. तिथे लांडगा येतो. बर्था झुडपात लपते. लांडग्याला ती दिसतही नाही, तो निघणार एवढ्यात ती भीतीनं थरथरते, आणि पदकं वाजतात! पुढचं सांगायला नको. उरतात ते बूट, कपड्यांच्या चिंध्या आणि तीन पदकं.

मी ही गोष्ट चौथीच्या वर्गात मराठीतून सांगितली. एक क्षण सगळे चिडीचूप, मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, डुकरांचं काय झालं?” गंमत बघा, गोष्टीतली मुलंसुद्धा तेच विचारतात. (सगळी डुकरं सुखरूप, बरं का.)

साकी स्वतः कधी हसत नाही. चेहरा गंभीर ठेवून सांगतो, म्हणून आपल्याला हसू आवरत नाही. ‘भयंकर’ आणि ‘गुणी’ हे शब्द त्यानं शेजारी बसवले, तिथेच अर्धं काम झालं. शिवाय तो मुलांना फसवत नाही. चांगल्याचं नेहमी चांगलंच होतं, हे त्यांना पटलेलं नसतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पालकहो, तुमच्या कपाळावर आठी आली असेल. गोष्टीतली मावशीही रागावते. लहानांना सांगण्याजोगी ही गोष्टच नव्हे, असं तिचं म्हणणं. पण ही गोष्ट ऐकून कुणी मूल बिघडल्याचं मी पाहिलं नाही. उलट इंग्रजी म्हणजे फक्त स्पेलिंग आणि परीक्षा असं मानणारी मोठी मुलं, पुढे काय होतं या ओढीनं चार पानं वाचून काढतात.

पहिल्या महायुद्धात साकी वयानं मोठा असूनही साधा सैनिक म्हणून भरती झाला आणि १९१६ साली फ्रान्समध्ये गोळी लागून गेला. हसवणारा माणूस असा गेला, याचं फार वाईट वाटतं.

आठवी-नववीतल्यांनी त्याची ‘द ओपन विंडो’ ही गोष्ट इंग्रजीतूनच वाचावी. ‘द स्टोरीटेलर’सारखीच तीही ‘बीस्ट्स अँड सुपर-बीस्ट्स’ या १९१४ सालच्या संग्रहात आहे. पंधरा वर्षांची एक मुलगी, घरी आलेला भित्रा पाहुणा आणि एक उघडी खिडकी. बाकी मी काही सांगणार नाही. अडलेल्या प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू नका, पुढे जात राहा. आणि शेवटचं वाक्य आधीच डोकावून बघायचं नाही हं!