जुनी गाडी बघायला जा, घ्यायला नको

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि वेळ संपली. उरलेलं इथं लिहितोय, जरा निवांत.

कोल्हापूरच्या माणसाला व्हिंटेज कार म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. दसऱ्याला आपण दसरा चौकात उभे असतो. पालख्या आलेल्या असतात, सोनं लुटायची घाई असते, आणि न्यू पॅलेसकडून ती भगव्या रंगाची मेबॅक येते. नंबर बीएमके १. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३६ ची गाडी. मेबॅक कंपनी मूळची जर्मनीतली, झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणारी. १९२१ पासून दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांनी मोजक्याच गाड्या काढल्या, आणि त्यांच्या बॉड्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे वेगळ्या कारागिरांकडून बनायच्या. अशी गाडी बघायला लोक दुसऱ्या देशात जातात, तिकीट काढतात. आपण ती रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघतो. नाद खुळा!

अडचण पुढं सुरू होते. दसरा झाला, किंवा मुंबई-पुण्यात एखादी व्हिंटेज रॅली झाली, की माझ्याकडं एक तरी पोरगा येतो. यंदा आलेला माझ्याच बॅचचा. म्हणाला, "सर, एक जुनी फियाट बघून ठेवलीय. सगळं धरून सहा लाखांत तयार होते. लग्नाला भाड्यानं लावतो. आईचं सोनं ठेवायचं म्हणतोय." तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, हाताला चांगला आहे. मी त्याला 'नको' म्हणालो. का म्हणालो ते तुम्हालाही कळलं पाहिजे, कारण हा विचार डोक्यात असलेला तो एकटाच नाही.

आधी कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. म्हणजे १९६४ ची फियाट डिलाईट तर बसतेच, पण पहिल्या पहिल्या पद्मिनीसुद्धा आता बसायला लागल्यात. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्यानं नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. इथपर्यंत छान. पण ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच काढायची. धंद्यासाठी तर नाहीच नाही.

मग काहीजण म्हणतात, व्हिंटेज नोंदणी करायचीच नाही, साधी पांढरी पाटी ठेवायची. अहो, खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं देणं तसंही नियमात बसत नाही, त्याला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. 'सगळेच देतात की' असं म्हणाल, तर वरातीत कुणाच्या पायावर गाडी गेली आणि विमा कंपनीनं हात वर केले, की त्या 'सगळ्यांपैकी' एकही तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमचे तुम्ही घाला. समजा सहा लाख सोनेतारणावर काढले आणि व्याज दहा टक्के धरलं. वर्षाला साठ हजार नुसतं व्याज. एका लग्नाचे आठ हजार मिळाले, त्यातून पेट्रोल, ड्रायव्हर, फुलांची सजावट, धुलाई यात तीन गेले, उरले पाच. म्हणजे बारा लग्नं फक्त व्याजाला, मुद्दल तिथंच. मोठा मुहूर्त असला की त्या एका दिवशी दहा जण फोन करणार, पण गाडी एकच आहे. बरं, लग्नं कधी? एप्रिल-मे. जुनं इंजिन, पुढं बँजो, मागं वरात, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं. रेडिएटर उकळणार नाही तर काय होणार! नवरदेव खाली उतरून घाम पुसतोय आणि त्याचा मामा तुम्हाला शोधतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

म्हणजे जुन्या गाड्यांचा नादच सोडायचा का? अजिबात नाही. उलट माझं म्हणणं आहे, बघायला जाच. आमच्या क्षेत्रात एक फॅशन झालीय, 'जिथं पैसा नाही तिथं वेळ घालवू नका' म्हणून सांगायची. मला ते पटत नाही. रविवारी सकाळी चार तास मन लावून काहीतरी सुंदर बघितलं, तर सोमवारी दुकानाचं शटर काही अडकून राहत नाही.

फक्त बघायचं कसं ते सांगतो. सेल्फी काढून पुढं पळू नका. सकाळी लवकर जा, तेव्हा मालक स्वतः कापड घेऊन पुसत असतात, गर्दी नसते, बोलायला मोकळे असतात. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बोनेट उघडं असेल तर थांबा. दरवाजा लावल्याचा आवाज ऐका. सीटच्या शिवणी बघा. आणि चकाचक रंगावर भाळू नका. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून गाड्यांची स्पर्धा भरते, जगातली सगळ्यात मानाची म्हणतात. २०२४ मध्ये तिथं पहिला मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. तिला नवा रंग काढून चमकवलेलं नव्हतं, झीज आणि जुने डाग तसेच ठेवलेले होते. जशीच्या तशी जपलेली गाडी तिथं सर्वांत वरचा मान घेऊन गेली ती पहिल्यांदाच.

हे 'जसंच्या तसं' प्रकरण माझ्या दुकानातही आलं. माझं काम सीट कव्हरचं. एक गृहस्थ जुन्या फियाटची सीट घेऊन आले. आत स्प्रिंगा आणि काथ्या, वर फाटलेलं रेक्झिन. फोम भरून दोन तासांत दिली असती. त्यांना फोम नको होता. काथ्याच पाहिजे, पायपिंग त्याच जाडीचं पाहिजे, शिलाई त्याच अंतरावर पाहिजे. आमच्या कारागिराला तीन दिवस लागले. मी सांगितलेली मजुरी त्यांनी घासाघीस न करता दिली, आणि पुढच्या महिन्यात आणखी दोघांना घेऊन आले.

यात धंदा दिसतो तो गाडीत नाही, तिच्या आजूबाजूला आहे. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. तिच्या गाड्या कुर्ल्यात बनायच्या. पद्मिनी बनायची बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता ते गेलं. हौशी मालक मात्र आहेत. त्यांना बुश पाहिजे, रबर बीडिंग पाहिजे, दिव्याची रिंग पाहिजे, आणि एक-दोनच नग पाहिजेत. मोठी कंपनी एक नग करून देत नाही. उद्यमनगरात मात्र पॅटर्न बनवणारा, ओतकाम करणारा, टर्नर आणि बफिंगवाला हाकेच्या अंतरावर बसलेत. आपल्यासारखंच पंप आणि फौंड्रीचं गाव म्हणजे कोइमतूर, तिथं जी. डी. नायडूंच्या नावाच्या ट्रस्टनं गाड्यांचं मोठं संग्रहालय उभं केलंय. जमलं तर बघून या.

हे काम मोठं नाही, हेही स्पष्ट सांगतो. यावर नोकरी सोडू नका, यासाठी नवी मशीन घेऊ नका. असलेल्या मशीनवर, संध्याकाळच्या वेळेत करायचं आणि दर तासाप्रमाणे लावायचे, कारण नगावर लावले तर पहिल्याच नगाला मार खाल.

त्या पोरानं सोनं ठेवलं नाही. फियाटचा मालक मात्र त्याला सोडेना, म्हणतो, "घेऊ नकोस बाबा, पण येत जा." म्हणून तो रविवारी जातो. सध्या दाराच्या हँडलचा तुटका नमुना खिशात घालून उद्यमनगरात फिरतोय. पितळेत ओतलेला पहिला तुकडा भोकाला अर्धा मिलिमीटर कमी पडला. दुसऱ्याचा पॅटर्न बुधवारी मिळणार आहे.