50 हजारांचा पटर, आणि ग्रीन कुणासाठी?

पोस्ट लांब आहे. गोल्फ खेळणाऱ्या मित्रांना थोडी झोंबेल, पण मी स्वतः खेळतो म्हणूनच लिहितोय. न खेळणाऱ्यांनीही वाचा, कारण ज्या जमिनीवर हा खेळ चालतो त्यातली बरीचशी जमीन तुमचीही आहे. त्या मुद्द्यावर येतोच.

आमच्या गोल्फच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय चाललाय: पटर कुठला घ्यावा? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. त्यातली पटर ही शेवटची. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर पोचला की तो हळूच ढकलून होलमध्ये घालायचा, त्यासाठीची. साधा पटर तीन-चार हजारांत येतो. ‘प्रीमियम’ म्हणवणारा 40-50 हजारांच्या घरात जातो, आणि हौशीला तर मोलच नाही.

विकणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला असतो. “सर, 72 पारच्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन धरले तर 36 फटके पटरचेच. निम्मा खेळ! मग निम्म्या खेळावर खर्च नको?”

हिशेब बरोबर, निष्कर्ष साफ चूक. त्या 36 मधले कितीतरी फटके वीतभर अंतरावरचे असतात. ते छत्रीच्या दांड्यानंसुद्धा जातील. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकन पीजीए टूरच्या लाखो फटक्यांची आकडेमोड केली आणि 2014 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की अव्वल खेळाडू बाकीच्यांच्या जेवढे पुढे असतात, त्यातला जेमतेम 15 टक्के वाटा पटिंगचा असतो. उरलेलं सगळं लांबच्या फटक्यांत आणि ग्रीनच्या आसपास ठरतं. आणि हेच व्यावसायिक, जे रोज तासन् तास सराव करतात, ते तीन फुटांवरून 96 टक्के वेळा चेंडू घालतात, आठ फुटांवरून 50 टक्के, आणि वीस फुटांवरून सातात एकदा. आठ फुटांवर छापा-काटा! तिथे तुम्ही-आम्ही 50 हजार देऊन नेमकं काय विकत घेणार आहोत?

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी 31 वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात मशीन शॉपमध्ये काढली. त्यामुळे “एकाच अखंड ठोकळ्यातून मिल केलेला” हे वाक्य ऐकलं की इतरांसारखे माझे डोळे विस्फारत नाहीत. पटरचं डोकं असतं साधारण 350 ग्रॅमचं. त्याला लागणाऱ्या स्टीलचा भाव भोसरीत कुणालाही विचारा. बऱ्याच महागड्या पटरच्या जाहिरातीत ‘303 स्टेनलेस’ असं मोठ्या अभिमानानं लिहिलेलं असतं. अहो, 303 म्हणजे मशीनवर सहज कापलं जावं म्हणून गंधक मिसळलेलं स्टेनलेस. आमच्या शॉपमध्ये ऑपरेटर ज्या मटेरियलवर खूश असायचे ते हे! त्यात दुर्मीळ असं काही नाही. चांगला प्रोग्रॅम, बरा व्हीएमसी आणि लक्ष देणारा सेटर असेल तर असं डोकं आपल्याकडेही निघतं. चेहऱ्यावर जी सुंदर नक्षी दिसते ते टूलमार्क आहेत. आम्ही जॉबवर टूलमार्क दिसले तर शिव्या खायचो, इथे त्याचेच पैसे लावतात.

पण अचूकता? ती असते, नाकारत नाही. मात्र हिशेब बघा. होलचा व्यास 108 मिलिमीटर. आठ फुटांवरून, सपाट ग्रीनवर, चेंडूचा मध्य होलच्या कडेच्या आत राहायला हवा असेल तर तुम्हाला दोन्ही बाजूंना साधारण सव्वा अंशाची मुभा आहे. महागडा पटर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक बनवला असेलही. तुमचं मनगट फटक्याच्या क्षणी दोन अंश फिरतं, त्याचं काय करणार? वर ग्रीनवर बुटांचे ठसे, गवताचा कल, सकाळचं दव. मायक्रॉनचं मोजमाप घेऊन दगडी चौथऱ्यावर जायचं आणि चुन्याच्या फक्कीनं रेघ मारायची, असला हा प्रकार.

आणि ज्या आकाराचे एवढे पैसे मोजता तो आकार तरी कुणाचा? 1966 साली कार्स्टन सोलहाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या इंजिनिअरनं ‘अँसर’ नावाचा पटर काढला. स्वतःचे पट नीट जात नव्हते म्हणून त्यानं विचार केला की डोक्याचं वजन मध्यात न ठेवता टाच आणि टोक अशा दोन टोकांना सरकवलं, तर चेंडू मध्याच्या जरा बाजूला लागला तरी डोकं कमी फिरेल. इंग्रजी नावातलं एक अक्षर पटरवर मावेना, तर बायकोनं सांगितलं, गाळून टाक. गाळलं. गोल्फमध्ये जी काही खरी सुधारणा झाली ती ही, आणि तिला आता 60 वर्षं होत आली. आज लाखभर रुपयांना विकले जाणारे कितीतरी पटर हे त्याच आकाराचे चुलतभाऊ आहेत. कल्पना सोलहाइमची, पैसे भलत्याच्याच नावाला.

टायगर वुड्सचं उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं. त्यानं 15 पैकी 14 मेजर एकाच स्कॉटी कॅमेरॉन पटरवर जिंकल्या, हे खरं. पण वाक्यातला महत्त्वाचा शब्द कुठला, ‘स्कॉटी कॅमेरॉन’ की ‘एकाच’? तो माणूस वर्षानुवर्षं तीच काठी घेऊन सराव करत राहिला. आमच्या ग्रुपवरचे दर दिवाळीला पटर बदलतात. आणि गंमत ऐका: त्याच्यासाठी बनवलेला एक राखीव पटर, ज्यानं त्यानं एकही मेजर जिंकली नाही, 2021 मध्ये लिलावात 3 लाख 93 हजार डॉलरला गेला. ही किंमत चेंडू होलमध्ये घालण्याची नाही. हे तर पादुकांचं मोल.

जॅक निक्लॉसनं 1986 ची मास्टर्स वयाच्या 46 व्या वर्षी जिंकली, तेव्हा त्याच्या हातातला अवाढव्य पटर बघून लोक आधी हसले होते. तो जिंकला, आणि कंपनीकडे ऑर्डरींची रांग लागली. चाळीस वर्षांनी आपण अजून त्याच रांगेत उभे आहोत.

बरं, दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. उपकरणानं काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. मोठ्या डोक्याच्या मॅलेट पटरचा जडत्वाघूर्ण जास्त असतो, त्यामुळे चुकलेला फटका कमी भरकटतो. हे भौतिकशास्त्र आहे. स्कॉटी शेफलर 2024 मध्ये मॅलेटकडे वळला आणि लगेच जिंकायला लागला. जे. जे. स्पॉननं 2025 च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या होलवर 64 फुटांवरून घातलेला पट लॅब कंपनीच्या विचित्र दिसणाऱ्या पटरनं मारला होता. पण जडत्वाघूर्णाला ब्रँड कळत नाही. स्वस्त मॅलेटमध्येही तो तसाच मिळतो. खरा फरक कशानं पडतो? काठीची लांबी तुमच्या उंचीला जुळते का, जमिनीशी तिचा कोन बरोबर आहे का, मूठ हातात नीट बसते का. हे सगळं चांगल्या दुकानात किंवा क्लबच्या वर्कशॉपमध्ये किरकोळ खर्चात होतं. पण मूठ बदलली याचा फोटो स्टेटसला टाकता येत नाही ना.

आवाज छान येतो, हाताला गोड लागतो, बघत राहावंसं वाटतं, म्हणून घेतला, असं कुणी सरळ सांगितलं तर माझं काही म्हणणं नाही. हौस आहे, पैसा तुमचा आहे. पैठणीही गरजेपोटी कुणी घेत नाही. पण अस्सल पैठणीच्या किमतीत विणकराचे महिने असतात. आणि पैठणी नेसल्यानं स्वयंपाक चांगला होतो, असं तरी कुणी सांगत नाही! इथे दागिना विकताना कौशल्य विकल्याचा आव आणतात, चीड त्याची आहे.

कारण कौशल्य कशानं येतं, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. टोकियो ऑलिंपिक, ऑगस्ट 2021. अख्खा देश भल्या पहाटे उठून गोल्फ बघत होता, निम्म्यांना नियम माहीत नव्हते. अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिचे लांबचे फटके बाकीच्यांपेक्षा कितीतरी आखूड पडत होते. ती टिकली ती पटिंगवर, त्यात ती 60 जणींच्या पुढे होती. त्या दिवशी कुणी तिच्या पटरची किंमत विचारली का?

तिची सुरुवात कशी झाली ते महत्त्वाचं आहे. आईवडील गोल्फ खेळणारे नव्हते. बंगळूरला कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा कोर्स दिसेल अशा हॉटेलात हे कुटुंब नाश्त्याला जायचं. पाच वर्षांच्या मुलीला समोरचं बघून कुतूहल वाटलं, आणि तिला तिथल्या पटिंग ग्रीनवर जाता आलं. जाता आलं! माझ्या मते सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे.

एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. पोरगा त्याच गवतावर, मागून आणलेल्या काठ्यांनी शिकला. ग्रीनभोवतीच्या हातखंड्यामुळे त्याला ‘चिपपटसिया’ हे टोपणनाव पडलं, आणि त्यानं 2016 व 2017 अशी दोन वर्षं ओळीनं इंडियन ओपन जिंकली. त्याच्या आधी अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबमधला कॅडी, म्हणजे साहेबांची पिशवी उचलणारा. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. आणि आपल्या मुंबईत, चेंबूरच्या गोल्फ कोर्सशेजारच्या वस्तीतल्या पोरांनी बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूवर गल्लीतच खेळ मांडला. त्यातली कितीतरी पोरं दिवसा भिंतीपलीकडे पिशव्या उचलायची. सळई हातात असलेल्या पोराला पटर कमी पडत नव्हता. त्याला ग्रीन कमी पडत होतं.

आता जमिनीकडे. दिल्ली गोल्फ क्लब केंद्र सरकारच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. खारघरचा कोर्स सिडकोनं, म्हणजे सरकारी महामंडळानं उभारला. कॅगनं 2011 मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात लष्कराच्या जमिनीवरच्या 97 गोल्फ कोर्सवर बोट ठेवलं होतं, एकूण 8,000 एकरांहून जास्त जमीन. कागदोपत्री त्यांना ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ म्हणतात. जवानानं, अधिकाऱ्यानं खेळू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण हजारो एकर सार्वजनिक जमीन ज्या खेळाला दिली, त्या खेळाच्या सरावाच्या हिरवळीवर शेजारच्या शाळेतलं पोर पाऊल ठेवू शकत नसेल, तर “भारतात गोल्फची गुणवत्ता नाही” ही रड बंद करा.

कॅडींचं तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी ते क्लबच्या पगारपत्रकावर नसतात. ग्रीनवर चेंडू किती वळणार हे ते आपल्याला सांगतात, आपण ऐकतो, चेंडू गेला की टाळी आपल्याला. मी एका फेरीला कॅडीला 600 रुपये देतो. 45 हजारांचा पटर म्हणजे त्याच्या 75 फेऱ्या. आणि तो ज्या ग्रीनचा चढ-उतार तळहातासारखा ओळखतो, तिथे त्याला खेळायला मिळतं ते क्लब बंद असेल त्या दिवशी, तेही क्लबनं मेहेरबानी केली तर.

माझी मागणी फार मोठी नाही. 18 होल उघडा, असं मी म्हणतच नाही. फक्त पटिंग ग्रीन. पूर्ण कोर्सच्या मानानं अगदी थोडी जागा असते ती. तिथे चेंडू उडत नाही, काच फुटत नाही, कुणाला लागत नाही. सरकारी, महामंडळाच्या किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या प्रत्येक क्लबनं आठवड्यातून दोन दिवस, दुपारी दोन-दोन तास हे ग्रीन कॅडींना आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना मोफत खुलं करावं. भाडेपट्ट्याचं नूतनीकरण होईल तेव्हा ही अट करारातच घालावी. लष्करी कोर्सवर सुरक्षेचा प्रश्न असेल तर निदान कॅडी आणि जवानांच्या मुलांपासून सुरुवात करा. नगरसेवक, आमदार, सिडकोचे अधिकारी यांच्यापैकी कुणी इथे वाचत असेल तर हा मुद्दा उचला, श्रेय खुशाल तुम्ही घ्या.

“मुलं ग्रीन खराब करतील” असं म्हणणारे येतीलच. येऊ द्या. ग्रीन सगळ्यात जास्त कोण खराब करतं हे कुठल्याही माळ्याला विचारा: हुकलेल्या पटनंतर रागानं पटर आपटणारे मेंबर. आणि आपटायलाही तो 50 हजारांचाच हवा असतो.

माझ्या माळ्यावर तीन जुने, चालू स्थितीतले पटर पडून आहेत. तुमच्याही असतील. पुण्यातला एखादा क्लब दोन तास द्यायला तयार असेल तर मूठ बदलणं, लांबी कापून मुलांच्या उंचीला आणणं हे काम मी माझ्या हातानं करून देतो. इनबॉक्समध्ये कळवा.