नगरकरांनो, समुद्राला दोन रात्री द्या

आपल्याकडे कोकणची सहल म्हणजे शुक्रवारी रात्री गाडी भरायची, अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी सगळी नावं दोन दिवसांत उरकायची आणि रविवारी मध्यरात्री सुप्याच्या पुढे डोळे चोळत घर गाठायचं. लेकरं निम्मी सहल मागच्या सीटवर झोपेत काढतात. गाडी चालवणाऱ्याला तर समुद्र काचेतूनच दिसतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही यादी सोडा. एकच टापू धरा आणि एकाच घरी दोन रात्री मुक्काम करा.

कुठला टापू, असं विचाराल तर मी चौल ते मुरूड हा जेमतेम ४० किलोमीटरचा पट्टा सुचवेन. त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्याचं पाणी प्रवरा, मुळा, सीना अशा नद्यांतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातं, त्यामुळे समुद्र आपला नव्हे असंच आपण धरून चालतो. पण नगरला निजामशाही होती तेव्हा चौल हे तिचं बंदर होतं. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीज ठाण मांडून बसले, तेव्हा १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने त्यांना वेढा घातला. ठाणं काही हाती आलं नाही. पुढे खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर नगरच्या फौजेने तळ दिला, तोही पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकला. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. भुईकोट किल्ला रोज बघणाऱ्या पोरांना ही गोष्ट रेवदंड्याच्या तटाखाली उभं राहून सांगा. त्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, माणसं राहतात. घाईने आलेला माणूस तिथून मुरूडकडे निघून जातो, त्याला हे दिसतच नाही.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली एक वेगळीच बोली अजून घराघरांत बोलली जाते. कुणी ओट्यावर बसलेलं दिसलं तर रामराम घाला, दोन शब्द बोला, पण मोबाइल तोंडासमोर धरू नका. दुसरा दिवस मुरूड-जंजिऱ्याला द्या. तिथले सिद्दी मूळचे निजामशाहीच्या चाकरीतले आणि त्यांचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. राजपुरीहून होडी मिळते. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा.

आता पाण्याबद्दल, आणि हे नीट वाचा. आपण विहिरीत, बंधाऱ्यात पोहायला शिकलेली माणसं. समुद्राचं पाणी ओढतं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली डझनाहून जास्त तरणीताठी मुलं मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाली. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. भरती-ओहोटीचा अंदाज तिथीवरून बांधता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. तिथून सहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच, ती बघून निघा. तरी हा नुसता ठोकताळा आहे. पाण्यात उतरण्याआधी कोळ्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर उतरू नका, वाद घालू नका. ओहोटी लागली की मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका. कुणी ओढला जायला लागला तर त्याने थेट किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर यावं. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या माणसाला हात धरून बाहेर काढा, मग तो मेहुणा असो की साडू.

जेवण खानावळीत किंवा उतरलात त्या घरीच सांगून ठेवा. घरात माळकरी असतील तर वालाचं बिरडं मागा. त्यांना कोकणात काही मिळत नाही ही नुसती समजूत आहे. जानेवारीत गेलात तर पोपटीची चौकशी करा: वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून जाळावर भाजतात. निघताना चिप्सची रिकामी पाकिटं आणि बाटल्या वाळूत टाकू नका, पिशवीत भरून परत आणा.

गाडी नसेल म्हणून अडू नका. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावरच धावली. आजही पुण्याला जाऊन तिथून अलिबागची गाडी धरता येते. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे आजीला घरी ठेवायला पैशाचं कारण उरत नाही. तिचं आधार कार्ड तेवढं सोबत घ्या. आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळून सोमवार ते बुधवार जा. शाळा तीन दिवस बुडेल. बाईंना आधी सांगून ठेवा.